बाळाला ॲव्होकॅडो देताय? या चुका टाळा

ॲव्होकॅडो पुण्यात आता मंडईतही मिळतं आणि कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडेही. कुणी त्याला बटर फ्रूट म्हणतं. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळासाठी हे फळ चांगलं आहे. मऊ असतं, शिजवावं लागत नाही. तरीही पहिल्या आठवड्यात घरोघरी त्याच तक्रारी ऐकू येतात: कडू लागलं, बाळाने थुंकून टाकलं, वाटीत काळं पडलं, शी हिरवी झाली. बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण ॲव्होकॅडोला केळ्यासारखं वागवतो. केळं आज आणून आज देता येतं आणि अर्ध्या केळ्यात बाळाचं एक खाणं होऊन जातं. ॲव्होकॅडो मात्र आधी पिकवावं लागतं, आणि बाळाच्या वाटीत त्याचं काम तुपाचं असतं.

साल काळी झाली की पिकलं, असं समजणं

ही खूण हास जातीपुरती खरी आहे. परदेशातून येणारं खडबडीत सालीचं फळ बहुधा या जातीचं असतं. कूर्ग, निलगिरी, वायनाडकडचं फळ बरेचदा मोठं आणि गुळगुळीत सालीचं असतं, आणि त्यातल्या अनेक जाती पिकल्यावरही हिरव्याच राहतात. साल काळी होईल म्हणून वाट बघत बसलात तर फळ आतून सडून जातं. त्यामुळे रंगावर जाऊ नका, हातात घेऊन बघा. फळ तळहातावर ठेवून सगळ्या बोटांनी मिळून हलकेच दाबा. पिकलेला हापूस जेवढा दबतो तेवढं दबलं की तयार. अंगठा रुतवू नका, तिथे आत तपकिरी डाग पडतो. साल आतल्या गरापासून सुटल्यासारखी पोकळ लागली तर ते फळ उतरलं.

हे फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यावरच मऊ पडतं. दगडासारखं फळ तांदळाच्या डब्यात किंवा कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा. केळ्यातून निघणारा इथिलीन वायू कोंडून राहतो आणि फळ लवकर पिकतं. साधारण दोन ते पाच दिवस लागतात. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आठवडाही लागू शकतो, तर एप्रिल-मेमध्ये एका बाजूने मऊ आणि दुसऱ्या बाजूने टणक असं अर्धवट पिकतं. म्हणून उन्हाळ्यात घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा आणि रोज सकाळी एकदा हात लावून बघा. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवणं ही त्याहून मोठी चूक. गारठ्याने त्याची पिकण्याची क्रिया थांबते, गर करडा पडतो आणि नंतर बाहेर काढूनही ते नीट पिकत नाही. पिकलेलं फळ मात्र फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं.

कापल्यावर कच्चं निघालं तर? कुकरमध्ये वाफवून किंवा मायक्रोवेव्हमध्ये घालून ते पिकत नाही. थोडं मऊ पडतं, पण कडवट होतं. पिकलेलं फळसुद्धा तापवलं की कडू लागतं. म्हणून गरम खिचडीत ते शिजवायचं नाही. खिचडी कोमट झाल्यावर वरून कालवायचं. कच्चा, रबरासारखा तुकडा बाळाच्या हातात तर मुळीच देऊ नका, तो घशात अडकू शकतो.

न धुता कापणं

साल खायची नाही म्हणून कुणी हे फळ धूत नाही. पण सालीवरची माती आणि जंतू सुरीबरोबर थेट गरात जातात. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा, पुसा, मग उभं गोल कापून दोन्ही अर्धे उलट दिशेने फिरवून वेगळे करा. बी चमच्याने काढा. सुरी मारून काढायला गेलं की हात कापतो. आतून आंबूस किंवा खवट वास आला, गरात काळ्या रेषा पसरल्या असतील किंवा देठाजवळ बुरशी असेल, तर तेवढाच भाग काढून उरलेलं बाळाला देऊ नका. पूर्ण फळ टाकून द्या.

मिक्सरचा आग्रह

बाळापुरता दोन-तीन चमचे गर मिक्सरच्या पात्याखाली येतच नाही. भांड्याला चिकटून बसतो, मग तो फिरावा म्हणून पाणी घालत जातो आणि शेवटी पातळ पाणचट काहीतरी हाती लागतं. काट्याने किंवा वाटीच्या बुडाने कुस्करा, एवढं पुरतं. काही फळांत दोरे निघतात. ते बोटांना लगेच लागतात. अशा वेळी गर स्टीलच्या गाळणीवर ठेवून चमच्याच्या पाठीने दाबून खाली उतरवा. दोरे वर राहतात.

पातळ करायला आईचं दूध किंवा बाळ घेत असेल तेच दूध वापरा. आपल्याकडच्या मोठ्या फळांत बरेचदा पाणी जास्त आणि तेल कमी असतं, त्यात दूध घालावंही लागत नाही. चमचा तिरका केला तर गर हळूहळू घसरला पाहिजे, ओघळता कामा नये. हीच कसोटी वरणालाही लावा. नुसतं वरणाचं पाणी आणि पातळ पेज देऊन पोट भरतं, पण बाळाच्या अंगी फारसं लागत नाही. आठव्या-नवव्या महिन्यात मऊ गुठळ्या ठेवायला सुरुवात करा. कायम गुळगुळीत पेस्टच देत राहिलं तर पुढे साधा मऊ भातही बाळ तोंडातून बाहेर काढतं.

हाताने खायला द्यायचं असेल तर मोठ्या माणसाच्या बोटाएवढी उभी फोड कापा. ती निसटते म्हणून त्यावर भाजलेल्या नाचणीचं पीठ भुरभुरवा. बाळ आधार घेऊन ताठ बसलेलं हवं आणि शेजारी मोठं माणूस हवंच. बाळाला उबळ आली, तोंड लाल झालं, आवाज येत असेल तर ते स्वतःच घास पुढे ढकलतंय. घाबरून तोंडात बोट घालू नका. आवाजच बंद झाला, रडता-खोकता येईना, तर घास अडकला आहे. लहान बाळाच्या घशात अडकलेलं कसं काढायचं हे बालरोगतज्ज्ञांकडून वरचं अन्न सुरू करण्यापूर्वीच शिकून घ्या.

किती द्यायचं, आणि त्यावरच भागवणं

पहिल्या दिवशी चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. पुढे एका वेळी दोन मोठे चमचे, साधारण 30 ग्रॅम, पुष्कळ झाले. आठवड्यातून दोन-तीनदा दिलं तरी चालतं.

100 ग्रॅम ॲव्होकॅडोत सुमारे 160 कॅलरी आणि 15 ग्रॅम स्निग्धांश असतो. लोह मात्र अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे नगण्य. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला जन्मजात लोहाचा साठा संपत येतो, त्यामुळे याच वयात डाळ, नाचणी, अंडं, घरात चालत असेल तर मटण-चिकन यांची गरज असते. ॲव्होकॅडोने पोट भरलं की बाळ हे सगळं नाकारतं. म्हणून ते जेवणाच्या जागी देऊ नका, जेवणात घाला. मऊ मूगडाळ-भातात एक चमचा, किंवा वाफवलेल्या लाल भोपळ्यात. भोपळा-गाजरातलं जीवनसत्त्व अ अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो, तो यातून मिळतो. हेच काम अर्धा चमचा साजूक तूपही करतं. त्यामुळे फळ महाग पडत असेल तर मनाला लावून घेऊ नका. बाळाचं काहीही अडत नाही.

मीठ, साखर, गूळ एक वर्षापर्यंत नको. मध तर अजिबात नको. त्यातून बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. घरातल्यांनी मागवलेला ॲव्होकॅडो मिल्कशेक उष्टावणाच्या कौतुकात बाळाच्या ओठाला लावला जातो. त्यात साखर असते, कधी आइस्क्रीमही.

लिंबू, पाणी आणि उरलेला गर

कापलेलं ॲव्होकॅडो हवेने तपकिरी पडतं. ते विषारी नसतं, वरचा थर खरवडून खालचा हिरवा गर द्या. लिंबू पिळलं तर कमी काळं पडतं, पण काही बाळांच्या तोंडाभोवती आंबटामुळे लाल चट्टे उठतात आणि घरात ॲलर्जीची धास्ती बसते. सुरुवातीला लिंबू टाळा. बी असलेला अर्धा भाग गराला चिकटेल अशा प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. अख्खी फळं पाण्यात बुडवून ताजी ठेवण्याचा जो उपाय समाजमाध्यमांवर फिरत होता, त्याविरुद्ध 2022 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला होता. सालीवरचे लिस्टेरिया, साल्मोनेलासारखे जंतू त्या पाण्यात वाढतात.

बाळाचा चमचा ज्या वाटीत बुडला त्यातलं उरलेलं ठेवू नका, लाळेने ते लवकर बिघडतं. आधीच दोन चमचे वेगळे काढून घ्या. पाळणाघरात डब्यातून कुस्करलेला गर पाठवू नका. पिकलेलं अख्खं फळ धुऊन आणि सोबत चमचा असं द्या, तिथे ऐनवेळी कापता येतं.

ॲलर्जी नसतेच, असं गृहीत धरणं

ती क्वचित असते, पण असते. विशेषतः रबराची, म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांना ॲव्होकॅडो, केळं, किवी यांचाही त्रास होऊ शकतो. ज्या बाळाला मणक्याचा जन्मजात दोष आहे किंवा ज्याच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या आहेत, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वरचं अन्न कधी सुरू करायचं, हेही त्यांनाच ठरवू द्या.

पहिल्यांदा देताना सकाळची वेळ निवडा, म्हणजे पुढचे काही तास बाळावर लक्ष राहतं. त्याच दिवशी दुसरा नवा पदार्थ नको. लस टोचायच्या दिवशीही नको. ताप, चिडचिड कशामुळे आली ते कळत नाही. अंगावर गांध्या, ओठ-डोळे सुजणं, धाप, किंवा दोन-चार तासांनी एकामागून एक उलट्या होऊन बाळ मलूल पडणं, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. दवाखाना गाठा, श्वास अडत असेल तर 108 ला फोन करा.

नुसती शी हिरवट आणि थोडी सैल झाली तर काळजी नको, बाळ हसतं-खेळतं असेल तर प्रमाण निम्मं करा. बाळाने पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं म्हणून ते आवडत नाही असंही नाही. नवी चव आठ-दहा वेळा चाखल्यावर ओळखीची होते. जबरदस्ती न करता तीन-चार दिवसांनी पुन्हा एक चमचा पुढे करा.

लाळेऱ्यावर सांडलेला गर वाळला की डाग तपकिरी होतो आणि निघत नाही. ओला असतानाच गार पाणी आणि साबण लावा. साल आणि बी ओल्या कचऱ्यात टाका. दारातल्या गाईला, शेळीला किंवा पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना घालू नका, त्यातलं पर्सिन नावाचं द्रव्य त्यांना बाधतं.