भाताला युरिया टाकायच्या आधी खाचरातलं पाणी बघा

लावणी होऊन दोन-तीन आठवडे झाले की सगळ्यांची युरियासाठी धावपळ सुरू होते आणि गंमत म्हणजे बरेच जण खाचर काठोकाठ भरलेलं असतानाच वरून फेकून मोकळे होतात. अशा उभ्या पाण्यात टाकलेल्या युरियातलं बरंचसं नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन हवेत उडतं, आणि वर जोराचा पाऊस आला तर राहिलेलं बांधावरून वाहून जातं. मग पीक पिवळंच दिसतं म्हणून अजून एक पोतं!

त्यापेक्षा आधी बेणणी उरकून घ्या, नाहीतर खत तणच खाणार. मग पाणी काढून खाचर नुसतं चिखलावर आणा, युरिया फेका आणि दुसऱ्या दिवशी हलकं पाणी सोडा म्हणजे खत मुळापर्यंत उतरतं. पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबलात तरी काही बिघडत नाही. नत्र एकदम देऊ नका, लावणीला, फुटव्याला आणि लोंबी धरायच्या वेळी असं तीनदा विभागून द्या, स्फुरद (फॉस्फरस) मात्र सगळं लावणीआधीच्या चिखलणीलाच. किती द्यायचं ते माती परीक्षण आणि वाण बघून ठरवा, शेजाऱ्याचं बघून नको. युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) एकत्र दाबून केलेल्या गोळ्या मिळत असतील तर अजूनच बरं, लावणी झाल्या झाल्या चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधे एक गोळी ७ ते १० सेंमी खोल खोचायची, मजुरी लागते पण नत्राची नासाडी खूप कमी होते.

आता पाण्याचं. भात पाण्यात तग धरतं म्हणून कायम तुंबवून ठेवायलाच पाहिजे असं नाही. रोपं नीट लागली की साधारण १५ दिवसांनी, जमिनीखाली पाणी किती आहे ते बघायला ३० सेंमी लांबीचा पाइप घ्या, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा, तेवढा भाग जमिनीत ठोका आणि आतली माती काढून टाका. पाइपात पाणी जमिनीखाली १५ सेंमीपर्यंत गेलं की परत ५ सेंमी पाणी भरायचं, तोपर्यंत वर माती सुकलेली दिसली तरी घाबरू नका, खाली ओल असते. तण फार असेल तर हे दोन-तीन आठवडे उशिरा सुरू करा. फुलोऱ्याच्या आधी आठवडा आणि नंतर आठवडा मात्र ५ सेंमी पाणी ठेवाच, तेव्हा ताण बसला तर दाणे पोचट राहतात.

पीक काळंभोर हिरवं दिसलं म्हणून खूश होऊ नका, जास्त नत्राने करपा रोग आणि तुडतुडे कीड वाढतात, वर पीक लोळतं ते वेगळंच. लीफ कलर चार्ट (पानाच्या हिरवेपणावरून नत्राची गरज सांगणारी रंगपट्टी) असेल तर पान आपल्या अंगाच्या सावलीत धरून बघा, उन्हात रंग फसवतो. आणि कापणीच्या १०-१५ दिवस आधी पाणी पूर्ण काढून टाका.