डिसॅबिलिटी पेन्शन चालू आहे, पण परत मेडिकल बोर्ड होणार का? कागदात नेमकं कुठं बघायचं

लातूर असो, परभणी असो की नांदेड, चार माजी सैनिक एका जागी बसले की हा विषय निघतोच. आणि जो तो आपल्या मनानं सांगायलाय. एक म्हणतो दर पाच वर्षांनी बोर्डाला, म्हणजे फौजेच्या डॉक्टरांच्या समितीपुढं, जावंच लागतं, दुसरा म्हणतो एकदा अपंगत्वाचे टक्के मिळाले की मरेपर्यंत कुणी हात लावत नाही. खरं तर ते तुमच्याच कागदात लिहिलेलं असतं, पण ते पान कुणी उघडत नाही.

कोणता कागद? पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नाही, फौजेतून सुटताना जो रिलीज मेडिकल बोर्ड झाला त्याची प्रोसिडिंग, फॉर्मचं नाव ए एफ एम एस एफ १६. त्यात एक तक्ता असतो, आजाराचं नाव, टक्के आणि ते टक्के किती काळासाठी. काळाच्या रकान्यात ‘फॉर लाइफ’ लिहिलंय का वर्षं लिहिलीत, एवढंच आधी बघा. त्याच तक्त्यात कंपोझिट आणि नेट असे दोन आकडे दिसतील. कंपोझिट म्हणजे सगळ्या आजारांचे मिळून टक्के, नेट म्हणजे त्यातल्या ज्या आजाराला नोकरी कारणीभूत धरली किंवा जो नोकरीमुळं वाढला असं धरलं त्याचे. पेन्शनला नेटच धरतात, म्हणून काळ बी नेटच्या समोरचाच वाचायचा.

कॉपी नसेल (बऱ्याच जणांकडं नसतीच, बायकोनं पेटीत ठेवलेली नसती तर डिस्चार्ज बुक बी सापडलं नसतं) तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला (रेजिमेंटच्या सैनिकांचे कागद ठेवणारं ऑफिस) लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीवाले बेळगाव, तोफखान्यावाले नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सवाले खडकी, महार रेजिमेंटवाले सागर. साध्या अर्जाला उत्तर नाही आलं तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात मागा. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत करतात.

आता नियम. आधी ठराविक वर्षांनी परत परत री-सर्व्हे बोर्ड (टक्क्यांची फेरतपासणी) व्हायचा, म्हणूनच जुन्या लोकांच्या डोक्यात ते पाच वर्षांचं बसलंय. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रानं ते बदललं. आजार कायमचा धरला असेल तर एकदा ठरलेले टक्के जन्मभरासाठी, सरकार आपणहून परत बोलावत नाही. कायमचा नसेल तर फक्त एकदाच फेरतपासणी, आणि त्यात जे टक्के निघतील ते जन्मभरासाठी. दोन्हीला अट एकच, तुम्ही स्वतः रिव्ह्यू मागितला नाही तर.

शुगर, बीपीसारखा न जाणारा आजार असून बी कागदावर पाच वर्षंच लिहिलीत, अशा केसेस आहेत. त्यांच्यासाठी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा कमांडर राकेश पांडे केसचा निकाल कामाचा आहे, कायमच्या आजाराचे टक्के ठराविक वर्षांपुरते बांधता येत नाहीत असं त्यात म्हटलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या कागदावर फॉर लाइफ असेल तर कुणाच्या सांगण्यावरून रिव्ह्यू मागायला जाऊ नका, आधी हिशोब करा. राउंडिंगमध्ये ५० च्या खालचे टक्के ५० धरले जातात, ५० ते ७५ चे ७५, आणि ७६ पासून पुढचे १००. पूर्ण १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) मिळतं. म्हणजे शेवटचा पगार ४०,००० असेल तर १०० ला १२,००० आणि ५० ला ६,०००. तुमचे ३० टक्के असतील तर तुम्ही आधीच ६,००० घ्यायलाव. रिव्ह्यूत ३० चे ४० झाले तर एक रुपया वाढत नाही, पण ३० चे १५ झाले तर नेहमीच्या रिटायरमेंटवाल्याचं सगळं एलिमेंटच जातं, कारण कमीत कमी २० लागतात, आणि रिव्ह्यू बोर्डाचा आकडा शेवटचा. त्रास खरंच वाढून ५० गाठतील असे रिपोर्ट हातात असतील तरच पुढं जा. बोर्ड आऊट झालेल्यांचं (आजारामुळं बोर्डानं नोकरीतून मधेच काढलेल्यांचं) गणित वेगळं, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून नवीन नियम आलेत, त्यानंतर सुटलेल्यांनी हा हिशोब तसाच लावू नये.

कागदावर वर्षं लिहिली असतील तर उलटं, बोर्ड चुकवायचा नाही. मुदत संपली की डिसॅबिलिटी एलिमेंट थांबतं, सर्व्हिस पेन्शन चालू राहते, म्हणून कैकांना तर महिनोनमहिने कळतच नाही की पैसे कमी यायलेत. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधीच रेकॉर्ड ऑफिसला री-सर्व्हे बोर्डासाठी पत्र टाका. पत्ता गावाचाच राहिला आणि तुम्ही लेकरांच्या शाळेसाठी शहरात राहायला आलाव असं असेल तर स्पर्शवर (पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्ता आधी बदला. जवळचं मिलिटरी हॉस्पिटल म्हणजे छत्रपती संभाजीनगर छावणीतलं, नाहीतर पुणे, पण जायचं कुठं ते पत्रात दिलं असेल तिथंच. जाताना ओळखपत्र, डिस्चार्ज बुक, पीपीओ, जुन्या बोर्डाची कॉपी आणि ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) उपचाराचे सगळे कागद तारखेनं लावून न्या. गोळ्या चालू असताना बरं वाटतंय म्हणून “ठीक आहे साहेब” म्हणायची आपल्याला सवय आहे, तिथं ते म्हणू नका, गोळी बंद केल्यावर काय होतं ते सांगा.

दरवर्षीचा हयातीचा दाखला म्हणजे मेडिकल नाही, त्याचा टक्क्यांशी संबंध नाही. सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळणारं दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड बी वेगळं, तिथं ४० टक्के आले म्हणून फौजेचे टक्के बदलत नाहीत.

री-सर्व्हेत टक्के कमी केले आणि पटलं नाही तर पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करायचं, पत्र हातात पडलेली तारीख लिफाफ्यावरच लिहून ठेवा. अपिलात बी नाही जमलं तर आपल्या भागाच्या केसेस सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडं जातात.