कपाशीचं शेत मागावर: विणकाम आणि भरतकाम एकाच तुकड्यात

दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी कपाशीचं शेत विणायला घेतलं. अमळनेरच्या घरी ओट्यावर फ्रेम टेकवून आठवडाभर विणलं, वर दाटून भरतकाम केलं, आणि फ्रेमवरून कापून काढलं तर सगळं पापडासारखं वाकडं. आजीने उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "हाई पोतं शे का काय?" मार्कही पोत्याचेच मिळाले. आता मी मुलींना हेच शिकवते, तेव्हा पहिल्याच दिवशी सांगते: सुईची जागा विणायच्या आधी ठरवा.

फ्रेम 30 बाय 40 सेंटीमीटरची पुरते. वर-खाली अर्ध्या सेंटीमीटरवर बारीक खिळे, पण एका रेषेत नको, लाकूड चिरतं, नागमोडी ठोका. प्रत्येक खिळ्याला वळसा घेत गेलात की सेंटीमीटरला साधारण चार उभे धागे बसतात. ताण्याला, म्हणजे या उभ्या धाग्यांना, पिळदार सुती दोराच घ्या. लोकर ताणली जाते.

चित्र कागदावर खऱ्या मापात काढा, ताण्यामागे धरा आणि उभ्या धाग्यांवर पेनाने खुणा करा. माझ्या शेतात खाली काळ्या सुताचे पट्टे म्हणजे नांगरट, मध्ये कपाशीच्या ओळी, वर केळीच्या धाग्याचं पिवळट आभाळ. रावेरकडे केळी उदंड, खोडाचा धागा ओळखीतून मिळाला. तो कडक असतो, म्हणून विणण्याआधी ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवा. त्या पट्ट्यावर भरतकाम करू नका, सुई लागली की धागा चिरफळतो. कपाशीच्या पट्ट्यात मात्र साधी, सारखी वीण घ्या. सुईला तीच लागते.

आडवा धागा सरळ ओढला की कडा आत जातात आणि तुकड्याला कंबर येते. धागा कमानीसारखा सैल टाका, मग फणीने खाली ठोका. दर चार-पाच ओळींनी पट्टीने रुंदी मोजा.

आता खरी गोम. फ्रेमवर कापड ताणलेलं असतं, त्यामुळे भरतकामाची वेगळी रिंग लागत नाही, भरायला मजा येते. पण कापून काढलं की ताण सुटतो, कापड आक्रसतं आणि लांब उभे टाके सैल होऊन वर फुगतात. माझं तेच झालं होतं. शिवाय मी दोरा करकचून ओढलेला, म्हणून बाकीच्या ठिकाणी चुण्या. तेव्हा फ्रेमवर फक्त धावदोरा आणि आखूड उलटी टीप घाला, तीही बोथट टोकाच्या सुईने, म्हणजे ती धागा फोडत नाही, दोन धाग्यांमधून जाते. बोंडं, म्हणजे पांढऱ्या गाठीचे टाके, आणि पानांचा साखळी टाका नंतरसाठी ठेवा. तुकडा काढा, टोकांच्या गाठी मारा, गार पाण्यात भिजवून सपाट वाळवा, आणि मग रिंगमध्ये अलगद धरून भरा. गाठीला दोऱ्याचे दोन वेढे पुरतात. तिसऱ्याला बोंडाचं बटण होतं.

भिजवण्याआधी रंगीत दोरे तपासा. ओला दोरा पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. लाल दोरा सगळ्यात दगाबाज.

आरसे लावायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण तांड्यावरचं बंजारा भरतकाम लहानपणापासून बघितलेलं असतं. विरळ विणीत आरसा लोंबतो, म्हणून त्या जागी वीण दाट ठोका किंवा मागून सुती कापडाचा तुकडा लावा. एखाद्या बाईकडून टाका शिकलात तर तिला शिकवण्याचे पैसे द्या, आणि तिची हरकत नसेल तर शीटवर तिचं नाव लिहा. "पारंपरिक डिझाइन" एवढंच लिहून मोकळं होणाऱ्या मुलींचे मी मार्क कापते.

सबमिशनला तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवू नका. वरच्या कडेला काठी ओवून टांगा, मागची बाजू मोकळी राहू द्या. परीक्षक उलटून बघतातच.