बटन समोरच्याकडे, राण्या आपल्याकडे

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला पोझिशन वेगळी शिकवावी लागत नाही. शेवटी पान टाकणारा आधीच्या तिघांची पानं बघून निवांत ठरवतो, पहिली उतारी करणारा अंदाजावर चालतो. पोकरमध्ये ती शेवटची खुर्ची बटनची. तुम्ही ब्लाइंडला (बटननंतरच्या, पत्ते बघण्याआधीच ठरलेली रक्कम लावणाऱ्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर) आहात आणि बटनने रेझ केलंय (रक्कम वाढवलीय), म्हणजे फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन उघडी पानं), टर्न (चौथं), रिव्हर (पाचवं) तिन्ही वेळा आधी तोंड उघडायचं तुम्हीच. अशा जागी गुलाम, राण्या, राजे किंवा एक्के जोडीने आले की करायचं काय, एवढाच इथला विषय.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यामुळे खालचे सगळे आकडे फुकटच्या चिप्सचे आहेत. टेबल धरा ५०-१०० ब्लाइंडचं (स्मॉल ब्लाइंड ५०, बिग ब्लाइंड १००), प्रत्येकाकडे १०,०००.

बटनने २५० केले. तुम्ही स्मॉल ब्लाइंडला, हातात राण्या. इथे नुसता कॉल करून (समोरच्याएवढेच लावून) ‘लपून बसणं’ ही सगळ्यात महागडी हुशारी. कॉल केलात आणि बिग ब्लाइंड पळाला तर पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) ६००, मागे (तुमच्याकडे शिल्लक) ९,७५०, म्हणजे पॉटच्या सोळापट. एवढे चिप्स मागे ठेवून, आंधळेपणाने, एका जोडीवर तीन फेऱ्या काढायच्या. शिवाय बिग ब्लाइंडला स्वस्तात आत यायला दार उघडं. त्याऐवजी १,००० ते १,१०० करा. पोझिशन असती तर तिप्पट, म्हणजे ७५० पुरले असते. नाही म्हणून चौपट-साडेचारपट. मध्ये कोणी कॉल करून बसला असेल तर त्याच्या नावाने आणखी २५०-३०० घाला. बटनने १,१०० कॉल केले की पॉट २,३००, मागे ८,९००. आता प्रमाण चारपटीच्याही खाली. मोठ्या जोडीला हेच हवं असतं: पॉट लवकर मोठा, माणसं कमी, पुढचे निर्णय थोडे. फुकटच्या टेबलावर १,१००ला कोणी पत्ते टाकत नाही. तिथे १,४०० केले तरी गिऱ्हाईक मिळतं.

फ्लॉप आला गुलाम-छक्की-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांचे. ७५० लावा. कॉल आला तर पॉट ३,८००. टर्नला चौकी: २,५०० लावा. पुन्हा कॉल, पॉट ८,८००, मागे ५,६५०. रिव्हरला निरुपद्रवी पान पडलं तर ते सगळे आत. तिन्ही रकमा अशा बसवल्यात की शेवटचं ऑल-इन पॉटच्या दोन तृतीयांशाच्या आसपास येतं. एक्का-गुलाम, राजा-गुलामवाल्याला पत्ते टाकवत नाहीत. अपवाद एकच. तासभर नुसते कॉल करणाऱ्याने टर्नच्या २,५००वर अचानक ऑल-इन केलं, तर पॉट ऑड्स (कॉलची रक्कम भागिले कॉलनंतरचा पूर्ण पॉट) जिंकण्याची २८ टक्के शक्यता मागतात आणि त्याच्या छक्क्यांच्या किंवा दुर्र्यांच्या तिकडीपुढे राण्यांना पाचेक टक्केही नीट मिळत नाहीत. पत्ते टाका.

आता वाईट फ्लॉप. राण्या हातात असताना फ्लॉपवर एक्का किंवा राजा येण्याची शक्यता ४१ टक्के, गुलामांवर मोठं पान येण्याची ५७, राजांवर एक्का येण्याची २३. म्हणजे गुलामांना स्वच्छ फ्लॉप मिळाला तर तो नशिबाचा भाग. रडत बसण्यासारखं काही नाही. तिकडी लागते साधारण १२ टक्के वेळा, तिची वाट बघू नका. एक्का-सत्ती-तिर्रीवर एकदाच ७५० लावा, कॉल आला की टर्नला चेक (काही न लावता पाळी सोडणं). त्याने लावले तर एक वाजवी बेट कॉल करा, रिव्हरला पुन्हा मोठी आली की सोडा. एक्क्यावर तीनदा गोळीबार करणारे राण्यावाले रोज दिसतात, आणि त्यांना शेवटी एक्काच कॉल करतो.

नव्वी-अठ्ठी-सत्ती, त्यात दोन बदाम, आणि तुमच्याकडे काळे राजे: हा फ्लॉप बटनचा आहे. दश्शी-गुलाम, नव्वी-अठ्ठी, छोट्या तिकड्या सगळं त्याच्याकडे असू शकतं. इथे चेक करण्यात कमीपणा नाही. लावायचेच तर १,५००च्या घरात, ७५० लावून त्याला स्वस्तात पान बघू देऊ नका. काळ्यांऐवजी बदामाचा राजा हातात असेल तर मात्र लावणं सोपं जातं.

फ्लॉपआधी तुमच्या १,१००वर बटनने थेट १०,००० सरकवले, तर? एक्के-राजांचा विचारच नको, कॉल. राण्यांचा हिशोब करा: ८,९०० टाकून २०,१००चा पॉट, म्हणजे जिंकण्याची शक्यता ४४ टक्के हवी. तो फक्त एक्के (६ जुळण्या), राजे (६) आणि एक्का-राजा (१६) घेऊनच हे करत असेल, तर राण्यांना सुमारे ४० टक्के. फोल्ड, म्हणजे पत्ते टाकायचे. त्यात गुलामांची जोडीही धरली की आकडा ४७च्या पुढे जातो आणि कॉल होतो. त्याने आधी काय घेऊन ऑल-इन केलंय ते नोट्समध्ये लिहिलेलं असेल तर हा निर्णय सोपा. नसेल तर पत्ते उघडल्यावर आत्ताच लिहा.

अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये बेटची तयार बटणं बदलून घ्या: ३३, ६६ आणि १०० टक्के. घाईत स्लायडर ओढणाऱ्याचे २,५००चे २५० होतात.

ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये अर्धा तास मिळतो म्हणून टेबल उघडणाऱ्यांसाठी: समोर बेट असताना वेळ संपली की बहुतेक अ‍ॅप आपोआप फोल्ड करतात, राण्या असोत की दुर्र्या. घणसोलीला दारात गर्दी झाली आणि फोन खिशात गेला, तर टर्नचे २,५०० तिथेच राहतात. उतरायच्या दोन स्टेशनं आधी ‘पुढच्या ब्लाइंडला बाहेर’ हे बटण दाबा. चालू हात संपेपर्यंत ते तुम्हाला उठवत नाही.