रडार पाहून धरणाच्या पाण्याचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

जुलै उजाडला की जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मुंबईच्या हवामान रडारची चित्रं फिरू लागतात. गिरणेच्या पाणलोटातल्या कळवण-सटाण्यावर लाल पट्टा दिसला की ‘आता गिरणा धरण भरणार’ हा निरोप पाठोपाठ येतोच. त्या भरवशावर कुणी रब्बीच्या आवर्तनाचा, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळीचा, हिशोब मांडतो, कुणी बियाण्याची तजवीज करतो. पुढे पाणी आलं नाही की नुकसान त्याचंच होतं. म्हणून हे चित्र कसं वाचायचं, ते नीट समजून घ्यायला हवं.

अंतर न पाहणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. रडारचा किरण सरळ जातो आणि जमीन खाली वळत जाते, त्यामुळे अंतर वाढेल तसा किरण उंच चढतो. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण 100 किलोमीटरवर साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो. मुंबईहून कळवण हवाई अंतराने 200 किलोमीटरच्या आसपास. तिथे तो चार किलोमीटरवर पोहोचतो. धुळ्यावर येईतो सात. शिवाय एक अंश रुंदीचा किरण कळवणवर साडेतीन किलोमीटर जाड झालेला असतो. सह्याद्रीवरच्या पावसाळी ढगांतला बराचसा पाऊस त्याहून खाली तयार होतो, तो रडारला दिसतच नाही. चित्र कोरं आणि नदीला पूर, असं त्यामुळेच होतं.

आता किरण वर काय पाहतो ते. पावसाळ्यात आपल्याकडे सुमारे पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली असतं. खानदेशात हिमवर्षाव होत नाही, पण दुरून पाहणारं रडार इथे ढगातलं हिमच पाहत असतं. तेवढ्याच वजनाचं हिम पाण्याच्या जेमतेम एक-पंचमांश प्रतिध्वनी (रडारकडे परतणारी लहर) परत पाठवतं, म्हणून पाऊस कमी भासतो. तेच हिम वितळू लागलं की त्यावर पाण्याचा थर चढतो आणि प्रतिध्वनी एकदम वाढतो. मग पाऊस फुगलेला दिसतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत वर्षभराचं बरंचसं पाणी बर्फातून येतं. तिथेही केवळ रडारवर विसंबत नाहीत, साठलेल्या बर्फाचं वजन मोजणारी स्नोटेल केंद्रं डोंगरात बसवली आहेत.

रंगाला मिलिमीटर समजणं

रडार पाऊस मोजत नाही, परावर्तकता मोजतं, म्हणजे थेंबांवरून किती लहर परत आली ते. तिचा पाऊस करायला सूत्र लागतं आणि सूत्रं अनेक आहेत. 40 डीबीझेड (परावर्तकतेचं एकक) हा एकच आकडा घ्या. मार्शल-पामर या प्रचलित सूत्राने तो ताशी साडेअकरा मिलिमीटर होतो, उष्णकटिबंधीय सूत्राने साडेएकवीस. जवळपास दुप्पट! गारपिटीत तर हे आणखी बिघडतं: 55 डीबीझेडला मार्शल-पामर ताशी 100 मिलिमीटर सांगेल, आणि प्रत्यक्षात केळीच्या बागेत गारांचा खच पडलेला असेल. फेब्रुवारी-मार्चमधल्या गडद रंगांवरून पाण्याचा हिशोब अजिबात करू नका.

‘मॅक्स झेड’चं चित्र सर्वाधिक फिरतं, पण ते उभ्या स्तंभातली सर्वांत मोठी परावर्तकता दाखवतं, जमिनीवरचा पाऊस नव्हे. मे-जूनमध्ये ढगाखालची हवा कोरडी असते, थेंब वाटेतच आटतात. माझं मत स्पष्ट आहे: महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाशी ताडून पाहिल्याशिवाय रडारचा आकडा कुणाला पाठवूच नये. पाणलोटातल्या सर्व मापकांच्या पावसाची बेरीज करा, त्याच ठिकाणच्या रडारच्या बेरजेने भागा आणि येणाऱ्या गुणकाने रडारचा पाऊस दुरुस्त करा. एवढ्यानेही पुष्कळ सुधारणा होते.

आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहणं

तापीवरच्या हतनूर धरणाचं पाणी भुसावळच्या पावसावर ठरत नाही. तापी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईहून येते, पूर्णा अमरावती-अकोला-बुलढाण्याचं पाणी घेऊन चांगदेवला तिला मिळते. मुलताई नागपूरपासून हवाई अंतराने 110 किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून हतनूरसाठी मुंबईऐवजी नागपूरचं रडार उघडा.

गिरणेचा हिशोब आणखी गुंतागुंतीचा. 100 चौरस किलोमीटरवर 40 मिलिमीटर म्हणजे 4 दलघमी (दशलक्ष घनमीटर), हे गणित बरोबर आहे. पण हा नुसता पडलेला पाऊस झाला, धरणातला येवा, म्हणजे प्रत्यक्ष येणारं पाणी, नव्हे. जूनमध्ये काळ्या जमिनीच्या भेगा आधी पितात. त्यानंतर कसमादेतली (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) चणकापूर, पुनद, हरणबारी, केळझर ही धरणं आपलं पाणी अडवतात. ती भरून विसर्ग सुटेपर्यंत गिरणा धरणाकडे मोठं पाणी येत नाही. म्हणून वरच्या धरणांची टक्केवारी आधी बघा, मग रडार.

वेळेचा घोळ

रडारच्या चित्रावर बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. तीत साडेपाच तास मिळवा. मापकाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे यूटीसीनुसार तीनला. रडारची बेरीजही तीन ते तीन घ्या, नाहीतर रात्रीचा पाऊस भलत्याच तारखेला जातो आणि वर काढलेला गुणकही चुकतो.