सिंगापूरचा मर्लायन पाहण्याचे नियोजन

मरीना बे या खाडीच्या काठावरील मर्लायन पार्कमध्ये प्रवेशशुल्क नाही आणि उद्यान दिवसरात्र खुले असते. त्यामुळे तिकिटाची नव्हे, तर वेळेची निवड विचारपूर्वक करावी. सिंहाचे मुख आणि माशाचे शरीर असलेला, ८.६ मीटर उंच व सुमारे ७० टन वजनाचा मर्लायनचा हा पुतळा पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळचे ऊन थेट त्याच्या चेहऱ्यावर पडते आणि दुपारनंतर तोच चेहरा सावलीत जातो. छायाचित्रांसाठी लवकर पोहोचणेच उत्तम. तेव्हा गर्दीही कमी असते. दिव्यांच्या रोषणाईत तो पाहायचा असेल, तर सूर्यास्त वर्षभर सातच्या आसपास होतो, हे लक्षात घेऊन थोडे आधी पोहोचावे.

रॅफल्स प्लेस मेट्रो स्थानकापासून उद्यानापर्यंत साधारण दहा मिनिटांत चालत जाता येते. उद्यानातून २०१५ मध्ये खुल्या झालेल्या ज्युबिली पुलावरून एस्प्लनेड या कलाकेंद्राकडे अवश्य जावे, कारण पुतळा आणि खाडी एकत्र दिसण्यासाठी थोडे अंतर लागतेच. १९७२ मध्ये सिंगापूर नदीच्या मुखाशी उभारलेला हा पुतळा पुढे बांधलेल्या दुसऱ्या एका पुलामुळे झाकला गेला आणि २००२ मध्ये येथे हलवण्यात आला, हे ठाऊक असले की ही जागा अधिक नीट कळते.

छत्री आणि पाणी जवळ असावे. देखभालीसाठी पुतळा कधीकधी झाकलेला असतो, म्हणून निघण्यापूर्वी अधिकृत सूचना पाहाव्यात.