विदर्भाच्या उन्हाळ्यात ग्रीष्म ऋतुचर्या कशी पाळावी

अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ज्येष्ठ आणि आषाढ हे ग्रीष्माचे महिने मानले आहेत. परंतु चंद्रपूर, वर्धा किंवा अकोला जिल्ह्यातील घराने पंचांग पाहून ग्रीष्मचर्या, म्हणजे या ऋतूला साजेसा आहारविहार, सुरू केली, तर बहुतेक उन्हाळा तोवर सरलेला असतो. आपल्याकडे होळी पेटली की ऊन बोलू लागते, वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. म्हणून गुढीपाडव्यापासूनच आहारविहार बदलायला घ्यावा. हा बदल एकदम करू नये. सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस, अशा ऋतुसंधीच्या काळात जुनी सवय थोडीथोडी सोडून नवी थोडीथोडी धरावी, असा शास्त्राचा दंडक आहे.

या काळात सूर्य शरीराचे बळ शोषून घेतो, असे आयुर्वेद मानतो. त्यामुळे मधुर, थंड, पातळ आणि स्निग्ध अन्न घ्यावे, तिखट, आंबट व खारट कमी करावे आणि व्यायाम जवळजवळ थांबवावा, असे ग्रंथ सांगतात. यातील शेवटची गोष्ट शेतकऱ्याला सर्वांत अवघड जाते, कारण कपाशीच्या पऱ्हाट्या उपटणे, वखरणी आणि पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात तेंदूपाने तोडणे ही कामे नेमकी याच महिन्यांत येतात. काम टाळता येत नसेल, तर त्याची वेळ बदलावी. झुंजुमुंजू असताना शेत गाठावे, दहाच्या आत सावलीत यावे आणि उरलेले काम पाचनंतर करावे. दुपारची झोप एरवी कफ वाढवते म्हणून निषिद्ध आहे. ग्रीष्मात मात्र ती ग्रंथांनीच सांगितलेली असल्याने, जेवणानंतर तासभर निंबाखाली बाज टाकून आडवे होण्यात आळस मानू नये.

न्याहारीला सातू उत्तम. गहू काही तास भिजवून, निथळून, वाळवून खमंग भाजावेत, त्यात निम्म्याने फुटाण्याची डाळ व थोडे जिरे घालून दळून आणावे. हे पीठ गार पाण्यात पातळ कालवून त्यात गूळ किंवा साखर आणि चमचाभर तूप घालावे. चरकसंहितेने ग्रीष्मासाठी सांगितलेला साखरेचा थंड मंथ (पाण्यात घुसळलेले पातळ पेय) तो याच जातीचा. सातू जेवणावर किंवा रात्री खाऊ नये आणि कोरडे पीठ चावून खाऊ नये, ही पथ्ये मात्र पाळावीत, कारण ते पचायला वाटते तितके हलके नसते.

ताकाविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल. उन्हाळा म्हणजे मठ्ठा असे आपले समीकरण असले, तरी सुश्रुतसंहितेने उष्णकाळात, तसेच अशक्त, चक्कर येणाऱ्या आणि दाह होणाऱ्या माणसाला ताक देऊ नये असे म्हटले आहे. दह्यालाही ग्रीष्मात नापसंतीच आहे. माझ्या मते हा आक्षेप आंबटपणा आणि उष्णतेबद्दल आहे, त्यामुळे आदल्या दिवशीचे आंबट ताक तिखट फोडणी देऊन पिणे सोडावे. सकाळी विरजण घुसळून लोणी काढलेले, भरपूर पाण्याचे गोडसर ताक जिरेपूड घालून दुपारच्या जेवणाबरोबर घेतले, तर प्रकृतीने धडधाकट माणसाला सहसा बाधत नाही. ज्याला आम्लपित्त किंवा घोळणा फुटण्याचा त्रास आहे, त्याने तेही टाळून धन्याचे हिम, म्हणजे गार पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला अर्क, घ्यावे. हिमाला औषधाच्या सहापट पाणी लागते. दोन चमचे भरडलेले धने अर्धी वाटी पाण्यात रात्रभर भिजवावेत आणि सकाळी गाळून खडीसाखर घालून प्यावे.

पन्ह्याची कैरी उकडून किंवा निखाऱ्यावर भाजून घ्यावी. गराच्या दुप्पट गूळ घातला की तिचा आंबटपणा निवतो. ग्रंथ मीठ कमी करा म्हणतात, पण ते सावलीत बसणाऱ्याला जास्त लागू पडते. ज्याच्या घामाने सदरा पांढरा पडतो, त्याने पन्ह्यात चिमूटभर मीठ अवश्य घालावे. मधुमेह असलेल्यांनी गुळाची पेये आणि मूत्रपिंड, हृदय किंवा रक्तदाबाचे औषध चालू असलेल्यांनी मीठ व पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

जेवणात ज्वारीची भाकर, भात, तुरीचे साधे वरण, दोडका, दुधी आणि काकडी असावी. ठेचा, तर्रीची भाजी आणि उष्ण मानलेली जवसाची चटणी पानातून पूर्ण जाणार नाही, हे मी जाणून आहे. ती रोजच्याऐवजी कधीमधी घ्यावी, एवढेच. मद्य मात्र या ऋतूत टाळावेच, मोहाचे असले तरी. पाण्याच्या माठात वाळ्याची स्वच्छ जुडी टाकावी आणि ती दर दोन-तीन दिवसांनी उन्हात वाळवावी. उन्हातून आल्याबरोबर पाणी घटाघटा न पिता आधी थोडे बसावे.

खिशातला कांदा उन्हापासून वाचवतो यावर माझा भरवसा नाही; डोक्यावरचा ओला दुपट्टा वाचवतो. थकवा, पेटके किंवा मळमळ जाणवताच सावलीत आडवे होऊन जलसंजीवनीचे (ओआरएसचे) पाकीट पाकिटावर दिलेल्या मापाच्या, बहुधा एक लिटर, पाण्यात विरघळवून घोट-घोट प्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा आणि घरगुती उपचारांत वेळ न दवडता १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करून सर्वांगावर पाणी मारावे आणि वारा घालावा. बेशुद्धाच्या तोंडात पन्हे, पाणी काहीही ओतू नये.

मृग लागून पहिला पाऊस पडला की सातू, पन्हे आणि दुपारची झोप पुन्हा हळूहळू कमी करावी. ग्रीष्मात साठलेला वात वर्षाऋतूत उसळतो आणि भूक मंदावते, म्हणून तेव्हापासून सुंठ घालून उकळलेले कोमट पाणी आणि ताजे, गरम, हलके जेवण सुरू करावे.